मिश्र वंशाचा रकाना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी बाजारात आणला. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि एका काल्पनिक जगात आपापलं पात्र जगवायचं, असा त्याचा मामला. पात्र रचताना ते कोणत्या वंशाचं हे ठरवावं लागतं आणि त्या वंशाचे गुणदोष नियमपुस्तकातच लिहिलेले असतात. १९७८ च्या पुस्तकात माणूस, एल्फ, ड्वार्फ यांच्या शेजारी अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क हे माणसाशी मिसळलेले वंशही बसले. अर्ध-ऑर्कला ताकदीचा एक गुण जास्त आणि व्यक्तिमत्त्वाचे दोन कमी. वर अशीही नोंद की या मिश्र संततीतला दहांतला एखादाच माणूस म्हणून खपून जाईल. १९८९ च्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क मुख्य पुस्तकातून गेला, २००० साली परत आला. २०२४ च्या पुस्तकात मात्र दोन्ही अर्धे गायब आहेत. अख्खा ऑर्क आत आला, 'रेस'च्या जागी 'स्पीशीज' आली. मधल्या काळात, २०२२ साली चाचणीसाठी दिलेल्या मसुद्यात एक तोडगा होता: आईबाप वेगवेगळ्या वंशांचे असतील तर रूप हवं तसं मिसळा, पण गुण मात्र दोघांपैकी एकाचेच घ्या. या बदलांना सरसकट प्रगती म्हणायला मी तयार नाही. मिश्र माणसासाठी नियम करणारा खरं तर शुद्ध कोण हेच ठरवत असतो, आणि मिश्र नावाचा रकाना खोडला म्हणून शुद्धांचे रकाने पुसले जात नाहीत.

आपल्याला हा खेळ नवा असेल, त्यामागची खटपट नवी नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय म्हणजे मिश्र संततीची नियमावलीच आहे. क्षत्रिय पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती सूत, तिने रथ हाकावा. ब्राह्मण पुरुष आणि वैश्य स्त्री यांची संतती अंबष्ठ, तिने वैद्यकी करावी. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती चांडाळ, तिने गावाबाहेर राहावं. प्रत्येक जोडीला एक नाव, प्रत्येक नावाला एक धंदा. डॉ. आंबेडकरांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये या यादीची चिरफाड केली, आणि वेगवेगळ्या स्मृती एकाच नावाला वेगवेगळे आईबाप देतात हे दाखवून दिलं. मला त्यातून जाणवतं ते असं, की समाजात जे गट आधीपासून होते त्यांना मागाहून वंशावळ चिकटवली गेली. चार वर्ण शुद्ध ठेवायचे तर उरलेल्या साऱ्यांना कुणाच्या तरी चुकीचं फळ ठरवावंच लागतं. हा हिशेब पोथीत राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. पण मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ साली प्रतिलोम, म्हणजे बायको वरच्या वर्णाची असलेला विवाह अवैध ठरवला आणि १९२२ साली अनुलोम, म्हणजे नवरा वरच्या वर्णाचा असलेला विवाह वैध ठरवला, तेव्हा विसाव्या शतकातल्या मुलांचा औरसपणा आई वरची की बाप वरचा यावरच ठरत होता. ही भानगड १९४९ च्या कायद्याने मिटवली.

सुरतेत राहून हा विषय पाहिला की वेगळा रकाना किती लहरी असतो हे कळतं. शहराच्या दक्षिणेला असलेलं सचिन आज जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीमुळे माहीत आहे. १९४८ पर्यंत ते नवाबाचं संस्थान होतं. जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात पेशव्यांशी झालेल्या करारातून १७९१ साली सिद्दी घराण्याच्या एका शाखेला ते मिळालं. आफ्रिकी मूळ, कोकणातला किल्ला, गुजरातेतली जहागीर. या घराण्याला कोणत्या अर्ध्यात बसवायचं? तसा प्रश्न पेशव्यांना पडला नाही, कारण करार सत्तेशी होता, रक्ताशी नव्हता. आणि त्याच १७९१ साली, जिने सुरतेच्या वखारीपासून इथे बस्तान बसवलं त्या ईस्ट इंडिया कंपनीने, भारतीय आईच्या पोटी जन्मलेल्या गोऱ्यांच्या मुलांना आपल्या मुलकी आणि लष्करी नोकऱ्यांची दारं बंद केली. पुढे याच लोकांना संविधानाच्या ३६६(२) कलमात 'अँग्लो-इंडियन' अशी व्याख्या मिळाली, तीही बापाच्या बाजूचा कुणी पूर्वज युरोपीय असेल तरच. त्यांच्यासाठी लोकसभेत दोन नामनियुक्त जागा होत्या. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये ती तरतूद संपली. रकाना आधी शिक्षा म्हणून आला, मग सवलत झाला, मग गेला. तिन्ही वेळा निर्णय रकान्याबाहेरच्यांनी घेतला.

मिश्रांना वेगळा रकाना देणं ही एक पद्धत. दुसरी पद्धत बापाच्या वंशाची. ती दिसायला साधी, म्हणून टिकाऊ. नवसारीत जन्मलेल्या रतनजी दादाभाई टाटांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच स्त्रीशी लग्न केलं, तिने जरथुष्ट्री धर्म स्वीकारला, आणि त्यातून उभा राहिलेला पारशी पंचायतीचा खटला १९०८ साली न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्यापुढे निकालात निघाला. बाईला पारशी मानायला न्यायालय तयार झालं नाही. पारशी बापाची, रीतसर धर्मात घेतलेली मुलं मात्र पारशी ठरली. या जोडप्याचा मुलगा जे. आर. डी. टाटा त्यामुळे पारशी. हेच लग्न उलट्या बाजूने झालं असतं तर ते ठरले नसते, एवढंच या नियमाविषयी बोलणं पुरेसं आहे. शंभर वर्षांनी वलसाडच्या एका पारशी स्त्रीने अग्यारीतल्या हक्कासाठी दाद मागितली, तेव्हा मार्च २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं की लग्नानंतर बायकोचा धर्म नवऱ्याचाच मानावा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असलं तरीही! तो कायदा आपापला धर्म राखून लग्न करता यावं म्हणूनच तर आहे.

त्याच वर्षी, दोन महिने आधी, गुजरातमधल्याच दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट काढली होती. आई आदिवासी, बाप बिगर-आदिवासी. मुलाचा जमातीचा दाखला रद्द झालेला. न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांनी ठरवलं, की अशा मुलाची जात हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. ती बापाची असेल असं गृहीत धरता येईल, पण ते गृहीतक खोडून काढता येतं. मूल आईच्या समाजात वाढलं का, बापाच्या जातीमुळे त्याला आयुष्यात काही आघाडी मिळाली की आईच्या समाजाच्या वाट्याला येणारी वंचना आणि अपमानच वाट्याला आले, त्या समाजाने आणि बाहेरच्यांनी त्याला कोण मानलं, हे पुराव्याने पाहायचं. इथे रक्ताचे भाग कुणी मोजत नाही. गंमत अशी की २०२४ च्या नियमपुस्तकातला चांगला भागही हाच आहे: शक्ती, बुद्धी यांचे वाढीव गुण आता वंशातून मिळत नाहीत, पात्र कुठे वाढलं आणि काय काम करत होतं यातून मिळतात. पण बाकीचे गुण स्पीशीजलाच चिकटून राहिले आणि मिश्र पात्र पुस्तकात उरलंच नाही. आपण सुधारलो असं समजणाऱ्या नियमकर्त्यांनी अर्धी वाट चालून बैठक मारली.

यावर पहिला आक्षेप असा, की खेळ तो खेळ. त्याची तुलना ज्याच्यावर माणसाची नोकरी अवलंबून आहे त्या दाखल्याशी कशाला? परिणामांची तुलना मी करत नाही. पण कायद्यात जे आडवळणाने येतं ते खेळात आकड्यांत उघडं मांडलेलं असतं, म्हणून विचाराची तऱ्हा तिथे लवकर दिसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अर्ध-एल्फ हे पात्र कित्येक मिश्र कुटुंबांतल्या खेळाडूंना आपलं वाटत होतं. ते काढून कुणाचं भलं झालं? हे मला मान्य आहे. नाव अपमानकारक असेल तर बदलावं, जागा काढू नये. 'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाने २०२३ च्या सुधारित पुस्तकात तसंच केलं: 'अर्ध' हा शब्द टाकून मिश्र पात्रांना स्वतंत्र नावं दिली आणि ती माणसाखेरीज इतर वंशांशीही जोडता येतील अशी सोय ठेवली. तिसरा आक्षेप गैरवापराचा: वाढ कुठे झाली हे पाहू लागलो तर खोट्या दाव्यांचं पेव फुटेल. खोटे दावे बापाच्या जातीवरही होतात. ते पकडायला १९९४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. शिवाय २०१२ च्या निकालात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच आहे. पुरावा मागा, कडक मागा. फक्त योग्य गोष्टीचा मागा.

सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या वस्तीत हे सगळं किती रोकडं आहे ते पाहा. बाप जळगावकडून आलेला, त्याची जात महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत. आई बारडोलीकडची हळपती, जी जमात गुजरातच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. अनुसूचित जातींची यादी राज्यापुरती असल्याने बापाच्या दाखल्यावर गुजरात सरकारच्या आरक्षणाचा लाभ मुलाला मिळत नाही. बापाचाच वंश धरला तर ज्या शहरात तो जन्मला तिथे त्याच्या हाती काही नाही. आईकडे वाढला असेल तर २०१२ च्या निकालाने त्याला ते सिद्ध करण्याची वाट दिली आहे. पण ही वाट न्यायालयात वकील देऊन चालायची असेल तर लिंबायतच्या मुलाला तिचा उपयोग नाही. आईचा शाळा सोडल्याचा दाखला, मामाचा जमातीचा दाखला आणि आजोळच्या गावातला वास्तव्याचा पुरावा ही कागदपत्रं मामलतदार कचेरीच्या टेबलावरच बापाच्या कागदांइतक्या मानाने घेतली जावीत, अशी मागणी इथल्या मराठी मंडळांनी आणि आदिवासी संघटनांनी मिळून करायला हवी.