जीर्णोद्धार आणि निगा

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करणाऱ्याचे समाज कौतुक करतो. तिला जीर्णच होऊ न देणाऱ्याची मात्र कोणी दखल घेत नाही. या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु ‘तीच वस्तू’ म्हणजे काय, हा एक फार जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन स्थविर राजा मिलिंदास त्याच्याच रथाविषयी विचारतात. आस म्हणजे रथ काय? चाके, की जू? राजा प्रत्येक वेळी नकार देतो. अखेर असे ठरते की, ‘रथ’ हे या सर्व अवयवांच्या आश्रयाने चालणारे व्यवहारातले नाव आहे. हे आम्हांस मान्य आहे. पण अवयव एकेक करून बदलत गेले, तर ते नाव कोणत्या अधिकाराने टिकते?

इंग्लंडातील एका मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारात उभा राहतो. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर ही गाडी १९५३ पासून १९७१ पर्यंत तयार होत होती. तिच्या मागील भागाचा सांगाडा ॲश वृक्षाच्या लाकडाचा आहे. त्या पिवळसर पट्ट्या पाहणाऱ्यास शोभेच्या वाटतात. वस्तुतः मागचा भार त्यांच्यावरच असतो. हे लाकूड चिवट आणि लवचिक खरे, पण त्यास ओल सोसत नाही. सरकत्या काचांच्या खाचांत पाणी साचते, शेवाळ धरते. सांध्यांतून ओल आत उतरते आणि वार्निशाखाली लाकूड काळवंडू लागते. खाचा स्वच्छ ठेवाव्या, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या, वेळच्या वेळी वार्निशाचा हात फिरवावा, एवढेच पथ्य. ते चुकले की एके दिवशी टोचा लाकडात सहज शिरतो आणि सबंध बाजूच नवी करण्याची पाळी येते.

निगा राखणारा एखादी पट्टी बदलतो, तेव्हा भोवतीचे जुने लाकूड तिला आपल्यात सामावून घेते. ही गाडी तीच काय, अशी शंका कोणाच्या मनातही येत नाही. सर्व सांगाडा एकदम नवा केलेली गाडी कदाचित अधिक देखणी दिसेल. पण तिच्याविषयी ती शंका येतेच. दुसऱ्याने टाकून दिलेली गाडी वाचविणाऱ्यास आम्ही कमी लेखीत नाही. त्याचे श्रम मोठेच. मात्र त्याच्यावर एक अधिक कर्तव्य येते: काय बदलले, याची खरी नोंद ठेवणे. नव्या लाकडास मुद्दाम जुनाट रूप देऊन ते मूळचे म्हणून विकणे ही कारागिरी कितीही सुबक असली तरी फसवणूकच होय.

ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मूलभूत फेरफार न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाही. गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर कायम आहे. वार्निशाखालची कुज शोधण्यास आता निरीक्षक येईलच असे नाही; मालकाची सदसद्विवेकबुद्धी तेवढी उरते. निगेची खरी कसोटी हीच, की तिला साक्षीदार नसतो.

आपल्या देशात पुरीचे रथ पाहावे. तेथे लाकूड टिकविण्याचा आग्रहच नाही. अक्षय्य तृतीयेस काम सुरू होते, वंशपरंपरेचे सुतार ठरल्या मापांनी तिन्ही रथ नव्याने घडवितात आणि यात्रेनंतर ते मोडले जातात. तरीही सोळा चाकांचा नंदिघोष गतवर्षीचाच काय, असे कोणी विचारीत नाही. लाकूड नवे असते. मापे, हात आणि नेम यांची परंपरा तुटलेली नसते. यावरून आम्हांस वाटते, की वस्तूचे नाव टिकते ते द्रव्यामुळे नव्हे, अखंड राखलेल्या काळजीमुळे. जेथे तो धागा तुटला, तेथे तो सत्याच्या नोंदीनेच सांधावा लागतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य परप्रांतातील सरकारी सेवेत अशाच कामी जाते. पूल कोसळला नाही, साथ पसरली नाही, दप्तर कुजले नाही, याची बातमी होत नसते. कोसळलेला पूल पुन्हा उभारणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते. दरवर्षी त्याचे सांधे तपासणाऱ्याचे नाव कोठेच नसते. परंतु तो पूल तोच राहिला, हे श्रेय त्या दुसऱ्याचे आहे.