ओरखडा

घरात वापराविना पडून राहिलेली वस्तू गरजूला द्यावी आणि देताना ती स्वच्छ करून द्यावी, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्या मुलाची सायकल शेजारच्या आळीतील एका शाळकरी मुलाला द्यावयाचे ठरले, तेव्हा त्याच हेतूने मी ती मिस्त्रींकडे नेली. पुढच्या चाकाच्या रिमवर, ब्रेकचे रबर जेथे टेकते त्या पट्ट्यावर, गोल फिरत गेलेले ओरखडे होते. "एवढे घासून काढा, नव्यासारखी दिसू द्या," मी म्हणालो.

मिस्त्रींनी रिमला हात लावला नाही. आधी ब्रेकचे रबर सोडवून त्यांनी ते उजेडात धरले आणि सुईच्या टोकाने त्यातून बारीक कण उकरून काढले. काही कण वाळूचे होते. आमच्या वसईच्या किनाऱ्याकडील रस्त्यांवर तिला काय तोटा? पण काही चमकणारे कण चक्क अॅल्युमिनियमचे होते. वाळूने रिमची कपची काढलेली, ती रबरात रुतून बसलेली. आणि मग प्रत्येक ब्रेकसरशी रिमचाच तुकडा रिमला चिरत गेलेला. दोष जेथे दिसत होता, तेथे तो उगवलाच नव्हता. नुसती रिम घासून दिली असती तर महिन्याभरात ओरखडे परत आले असते.

वास्तविक उथळ ओरखड्यांचे फारसे बिघडत नाही. त्यांची वर आलेली धार बारीक कानशीने काढावी, बारीक वॉटर पेपर चाकाच्या फिरण्याच्या दिशेने हलकेच फिरवावा, पट्टा स्पिरिटने पुसावा. तेलाचा बोळा त्याच्या आसपासही नेऊ नये. मात्र धातूला पडलेला ओरखडा कातडीसारखा भरून येत नाही. तो नाहीसा करावयाचा तर भोवतालचा सगळा पट्टा त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. म्हणजे एक डाग झाकण्यासाठी अखंड कड पातळ करावयाची! टायरमधील हवा त्याच कडेला अहोरात्र बाहेर रेटत असते. नवी कड साधारण दीड मिलिमीटर जाड असते. ती एक मिलिमीटरच्या खाली उतरली की चाक धोक्याचे समजावे. ती फाटते तेव्हा बहुधा पूर्वसूचना देत नाही.

मिस्त्रींनी पट्ट्यावर पोलादी पट्टी आडवी धरली. खाली फट दिसली. कड आत खोलगट झाली होती. झीज कळावी म्हणून काही रिमांवर कारखान्यातच एक टिंब कोरलेले असते. आमच्या रिमवरचे ते टिंब जवळजवळ पुसले गेले होते.

"सर, हिच्यावर बसणार कोण?"

मी सांगितले.

"मग पॉलिश मी करणार नाही. रिम बदला."

नवी रिम, आरे पुन्हा ओवण्याची मजुरी, नवी रबरे असा हिशेब त्यांनी ऐकविला आणि माझ्या ओठांवर शब्द आले, "अहो, देतोच आहोत फुकट." ते मी उच्चारले नाहीत, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल. पण आले खरे. माझा मुलगा तिच्यावर बसणार असता, तर ते आले असते का? देणाऱ्याने देताच त्याची जबाबदारी संपते, असा एक सोयीस्कर समज आपण बाळगून असतो. घेणाऱ्याला तर पारखण्याचा अधिकारही आपण देत नाही. फुकट मिळालेल्या सायकलीची रिम पट्टी लावून कोण तपासतो? आणि मी जे करवून घेणार होतो, त्याने ते उरलेसुरले टिंबही गेले असते. मुलाच्या हाती चकचकीत चाक पडले असते, आणि त्याला सावध करू शकणारी एकुलती एक खूण मी पैसे मोजून पुसलेली असती. त्याला मी दान म्हटले असते.

रिम बदलली. मुलगा सायकल न्यायला आला तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातात एक सुई ठेवली आणि रबरातील खडे कसे काढावयाचे ते दाखविले. नव्या रिमवरच्या टिंबावर त्याने दोनदा नख फिरविले. मग "जुनीला काय झालं होतं?" असे त्याने मला विचारले. मी जुनी रिम उचलून त्याच्यापुढे धरली.