सेवेला बक्षीस द्यावे काय?



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या भागातील पदवी महाविद्यालयांत कार्यक्रमांची रांग लागते. रक्तदान शिबिर, दत्तक गावातले सात दिवसांचे निवासी शिबिर, 12 जानेवारीचा राष्ट्रीय युवा दिन, स्नेहसंमेलन आणि सरतेशेवटी बक्षीस समारंभ. पूर्वी या समारंभात अभ्यास, खेळ, वक्तृत्व आणि नाट्य एवढ्यांचाच मान असे. आता समाजसेवेचाही पुरस्कार असतो. आपल्या धर्मग्रामातील काही मुलामुलींनी यंदा त्यासाठी अर्ज केले आहेत. त्यांतील दोघे-तिघे शिफारसपत्र मागायला माझ्याकडे आले आणि मी ती आनंदाने दिली. पण एकाने पत्र खिशात घालता घालता विचारले, "फादर, केलेली सेवा बोलून दाखवू नये, असं तुम्हीच मिस्सामध्ये सांगता. मग हा अर्ज भरू की नको?"

प्रश्न मला आवडला. पाठीवर थाप मारून वाटेला लावण्याजोगा तो नव्हता.

अडचण शुभवर्तमानातच आहे. संत मत्तयच्या पाचव्या अध्यायात दिवा दिवठणीवर ठेवायला सांगणारा प्रभू येशू सहाव्या अध्यायात दानधर्म करताना आपल्याच डाव्या हातालाही पत्ता लागू देऊ नये, असे बजावतो. एकाच डोंगरावरचे हे प्रवचन आहे! ऐकणाऱ्यांपैकी कोणी गोंधळले असतील तर नवल नाही. पण दोन्ही ठिकाणी नीट पाहिले तर प्रश्न काम दिसले की लपले एवढाच नसून पाहणाऱ्याची नजर शेवटी कुठे जाऊन थांबते, हा आहे. पहिल्या ठिकाणी ती पित्याकडे जाते, दुसऱ्या ठिकाणी करणाऱ्यापाशीच अडकते. तेव्हा स्टेज, माईक आणि टाळ्या असल्या म्हणजे सेवा बिघडलीच, असे आपल्याला सरसकट म्हणता येणार नाही.

आता आपल्या देशात विद्यार्थ्यांच्या सेवेची व्यवस्था कशी उभी राहिली, ते थोडे पाहू. 1959 साली केंद्र सरकारने चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले हे आपले मराठी गृहस्थ. समितीचे म्हणणे असे, की शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. खर्च आणि व्यवहारातल्या अडचणींमुळे ते झाले नाही. पुढच्या वर्षी शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैय्यदैन यांनी इतर देशांतील योजनांचा अभ्यास केला आणि सेवा स्वेच्छेचीच असावी, असा सल्ला दिला. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तेव्हा 37 विद्यापीठे आणि 40,000 विद्यार्थी होते. आपली मुले जिला 'एनएसएस' म्हणतात, ती हीच. दोन वर्षांत 240 तास काम आणि एक विशेष शिबिर, असा तिचा साचा.

म्हणजे सक्ती नाकारून आपण स्वेच्छा निवडली. पण स्वेच्छेच्या मागोमाग मागच्या दाराने आणखी एक पाहुणा आत आला, तो म्हणजे मोबदला. प्रमाणपत्र आले. मुंबई विद्यापीठात हे काम पूर्ण करणाऱ्यांना परीक्षेत 10 गुणांची सवलत वर्षानुवर्षे मिळत आली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाचे श्रेयांक धरले जाऊ लागले. 1993-94 मध्ये योजनेला 25 वर्षे झाल्याच्या निमित्ताने राष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाले. आणि योजनेचे ब्रीद काय, तर 'नॉट मी, बट यू'. मी नाही, तू! हे ब्रीद छापलेल्या पडद्यासमोर आपण एकेका 'मी'चे नाव पुकारून त्याला वर बोलावतो. यात चेष्टा नाही, पण विसंगती आहे आणि ती मुलांच्या लक्षात येते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कान्टचा एक वाणी आम्हाला भेटला होता. तो लहान मुलालाही योग्य भावानेच माल देतो, कारण तसे केल्याने धंदा चांगला चालतो. त्याचे वागणे बरोबर आहे, पण कान्टच्या मते त्याला नैतिक मोल नाही, कारण हेतू फायद्याचा आहे. ही फूटपट्टी आपल्या शिबिरांना लावली तर 10 गुणांसाठी गावात जाऊन रस्ता झाडणारा मुलगा त्या वाण्याच्याच रांगेत जाऊन बसेल. आमच्या वर्गातील काहींना हा निवाडा फार आवडला होता. मला तो तेव्हाही कडक वाटला, आजही वाटतो. अठराव्या वर्षी शुद्ध हेतू घेऊन कोण कुठे जातो? मित्र जातो म्हणून जातो, आई पाठवते म्हणून जातो. अरिस्टॉटल या बाबतीत अधिक समजूतदार आहे. तो म्हणतो, की न्यायाची कामे करता करता माणूस न्यायी होतो. म्हणजे सद्गुण सवयीने अंगी येतो. गुणांसाठी गेलेला मुलगा तिथल्या म्हातारीच्या हातची भाकरी खाऊन वेगळा होऊन परत येऊ शकतो. आपण ते पाहिले आहे.

मात्र सवय कशाची लागते, हे पाहायला हवे. सेवेची लागते की बक्षिसाची? येथे मानसशास्त्रातील एक जुना प्रयोग विचार करण्याजोगा आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर तो केला. चित्रे काढायला मुळातच आवडणारी मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर फीत लावलेले छानसे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर तेच पत्र अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात या मुलांकडे लक्ष ठेवले, तेव्हा आधी कबूल केलेले बक्षीस घेणाऱ्या मुलांची चित्रांची आवड कमी झालेली दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड शाबूत होती. बक्षीस एकच. फरक होता तो, ते आधी गाजर म्हणून दाखवले गेले होते की नव्हते, एवढाच.

रक्ताची गोष्टही अशीच आहे. रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने 1970 साली ब्रिटनमधील विनामोबदला रक्तदान आणि अमेरिकेतील पैसे देऊन घेतलेले रक्त यांची तुलना केली. पैसे आले की देण्याची वृत्ती आटते आणि रक्ताची सुरक्षितताही घटते, असे त्याने मांडले. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. तेव्हापासून रक्तपेढ्यांचा मोठा आधार म्हणजे महाविद्यालयांतील शिबिरे. बाटलीभर रक्त देऊन बाहेर आलेल्या मुलाला चहा-बिस्किट आणि एक प्रमाणपत्र मिळते. त्याला कोणी किंमत म्हणत नाही. तो आभार आहे. आभार मानणे हा तर देणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचाही धर्म आहे. पुरस्काराकडे मी याच बाजूने पाहतो. समाज जेव्हा एखाद्या तरुणीचे जाहीर आभार मानतो, तेव्हा ते न मानणाऱ्या समाजापेक्षा तो बरा असतो.

तरीही पुरस्कार पोकळ केव्हा ठरतो, हे ओळखता यायला हवे. संत थॉमस अक्वायनस यांनी यावर फार बारकाईने लिहिले आहे. कीर्तीची इच्छा धरणे हे मुळात पाप नाही, असे ते मानतात. ती पोकळ होते ती तीन प्रकारे. ज्या गोष्टीसाठी कीर्ती हवी ती गोष्टच क्षुल्लक असते, किंवा ज्याच्याकडून ती हवी त्याचा निवाडा भरवशाचा नसतो, किंवा तिचा रोख देवाच्या गौरवाकडे वा शेजाऱ्याच्या कल्याणाकडे नसतो. पहिल्याबद्दल फारसे बोलायला नको. गावातला बंधारा किंवा रक्ताची बाटली क्षुल्लक नाही. तिसरे ज्याच्या त्याच्या मनात चालते, तिथे मी कुठे डोकावू? माझा सगळा घोळ दुसऱ्यापाशी आहे. निवाडा करतो कोण, आणि कशावरून?

एका महाविद्यालयाच्या अशा निवड समितीवर मी दोन वर्षे बसलो आहे. समोर फायली येतात. फायलीत तासांचा तक्ता, प्रमाणपत्रे आणि फोटो. फोटोंत बॅनर ठळक असतो, फळे घेणारी आजी अर्धी कापलेली असते. एकदा एका वृद्धाश्रमात मी कम्युनियन घेऊन गेलो होतो, तेव्हा कोणत्याशा गटाचे फळवाटप चालले होते. माझ्या शेजारच्या आजी हातातले सफरचंद तसेच धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "फादर, त्यांचा फोटू झाला का? मग खाते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागले.

आणि ज्यांची फाईलच होत नाही, त्यांचे काय? आपल्याच धर्मग्रामात एक विद्यार्थिनी आहे. ती आठवड्यातून दोनदा आजीला डायलिसिसला नेते, चार तास बाहेर बाकावर बसून अभ्यास करते, आणि शेजारच्या पलंगावरच्या, सोबत कोणी नसलेल्या रुग्णांची औषधेही खाली जाऊन आणते. शिबिराला ती जाऊ शकली नाही. तिच्या नावावर 240 तास सोडा, एकही तास नाही. घरच्यांची सेवा ही 'समाजसेवा' नाही, असे नियम म्हणतो. नियमाला मी दोष देत नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेपलीकडची ती मुलगी वार्षिक समारंभात मागच्या रांगेत बसून 'सेवाभावी' विद्यार्थ्यांसाठी टाळ्या वाजवते, तेव्हा तिला नकळत काय शिकवले जाते? आपण करतो ते कशातच जमा नाही, हेच ना? पुरस्काराने होणारे खरे नुकसान मला येथे दिसते. ज्याला तो मिळतो त्याच्या अहंकाराची एवढी चिंता करू नये. ती हवा पहिल्या नोकरीत आपोआप निघून जाते.

विद्यार्थ्यांनी उभी केलेली सेवा म्हटली की मला पॅरिस आठवते. 1833 साली तिथे फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी एका वादविवाद मंडळात ख्रिस्तसभेची बाजू मांडत असे. विरुद्ध बाजूच्या एकाने त्याला टोकले, की तुमच्या धर्माने पूर्वी केले असेल पुष्कळ, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? उत्तर देण्याऐवजी ओझानाम आणि त्याचे मित्र सिस्टर रोझाली रेंद्यू यांच्या सल्ल्याने वस्तीतल्या घरांत जाऊ लागले. तीच पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी झाली. ओझानाम 1853 साली वारला आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1997 मध्ये पॅरिसमधील युवा मेळाव्याच्या वेळी त्याला धन्यवादित घोषित केले. म्हणजे ख्रिस्तसभाही पुरस्कार देतेच की! फक्त टाळ्या ऐकायला माणूस उरलेला नाही, याची ती आधी खात्री करून घेते.

महाविद्यालयांना इतकी वाट पाहता येणार नाही, हे मान्य. म्हणून त्या मुलाला मी सांगितले, की अर्ज भर. खरे तेवढे लिही, आणि ज्यांच्यासोबत काम केलेस त्यांचीही नावे लिही. आणि समितीला सांगावेसे वाटते, की फोटो मागू नका. ज्या वस्तीत, ज्या आश्रमात मुले गेली तिथल्या माणसाला विचारा, शिबिर संपल्यावर यातले पुन्हा कोण आले? मी समितीवर होतो त्यातल्या दुसऱ्या वर्षी एका प्राध्यापिकाबाईंनी नेमके हेच केले. अर्जांचा गठ्ठा बाजूला ठेवून त्यांनी आश्रमाला फोन लावला. तिकडून एकच नाव आले आणि ते गठ्ठ्यात नव्हते. समारंभात ते पुकारले गेले, तेव्हा त्या मुलीला काही कळेना. त्याच नावाची वर्गात आणखी एक आहे, तिलाच बोलावले असेल असे वाटून ती मागे वळून पाहत राहिली.