कणीस बाजारात, ताटे गोठ्यात

बारामती-इंदापूर भागात मधुमका शेतात राहतो जेमतेम अडीच-तीन महिने. दाणा दुधाळ असतानाच कणीस काढावे लागते, कारण ते तोडल्यापासून त्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते. कणसे बाजाराला जातात. हिरवी ताटे कापून गोठ्यात जातात किंवा मुरघासाला. रानात उरतात धसकटे. सेंद्रिय की रासायनिक हा वाद घालण्याआधी या उघड्या पडलेल्या रानाकडे पाहिले पाहिजे. मक्याने उचललेल्या पालाशाचा मोठा भाग कणसात नसतो, ताटात असतो. म्हणजे वैरण बाहेर गेली की तोही गेला.

आता खताचा हिशेब. मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र द्यायचे असे धरू. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 45 किलोच्या सहा गोण्या पुरतात. कुजलेल्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. तेवढ्याच नत्रासाठी 24 टन शेणखत लागेल, आणि त्यातलाही बराच भाग पहिल्या हंगामात पिकाला मिळत नाही, कारण जिवाणू तो सावकाश मोकळा करतात. मक्याची भूक मात्र पीक गुडघाभर झाल्यापासून तुरा पडेपर्यंतच्या थोड्या आठवड्यांत वाढते. म्हणून वर्षानुवर्षे न पोसलेल्या जमिनीत नुसत्या शेणखतावर मधुमका घ्या, असे कोणाला सांगणे मला अन्यायाचे वाटते. त्या सल्ल्याचा तोटा सल्ला देणाऱ्याला सोसावा लागत नाही.

पण सहा गोण्यांचा हिशेब तरी कुठे खरा ठरतो? इथल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू बहुधा आठाच्या वर असतो. तिच्यावर युरिया नुसता फेकला की बरेच नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. स्फुरद चुन्याशी जखडला जातो. जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळ्या पानांवर पांढुरके पट्टे उमटतात. पीक पिवळे पडलेले पाहून शेतकरी आणखी एक गोणी टाकतो. अनुदानामुळे ती अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळते, शेणखताच्या ट्रॉलीला मात्र काही हजार मोजावे लागतात. त्याला दोष कसा द्यावा? शेणखत कुजताना जी आम्ले सुटतात, ती हाच अडकलेला स्फुरद आणि जस्त थोडेफार मोकळे करतात. त्यामुळे दोन्ही खते एकत्र दिली की युरियाचा आणि डीएपीचा पैसाही अधिक कारणी लागतो. माझ्या मते सेंद्रिय खताच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. मालाच्या गोडीचा मुद्दा तितका भक्कम नाही. मधुमक्याची गोडी मुख्यतः वाणावर, तोडणीच्या दिवसावर आणि कणीस किती लवकर ग्राहकापर्यंत पोहोचते यावर ठरते.

जमिनीच्या बिघाडाचा सगळा दोष रासायनिक खतावर टाकण्यालाही माझा विरोध आहे. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. पंचवीस वर्षांत खोऱ्यातल्या जमिनी इतक्या खारावल्या की 1910 मध्ये शेतीशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांना त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. तेव्हा शेतावर युरियाची गोणी आलेली नव्हती. पाटाचे पाणी आले, ऊस आला, निचरा मात्र कोणी केला नाही. अशा खारावून चोपण झालेल्या जमिनीला आधी चर लागतो, जिप्सम लागते. शेणखत तिथे मदत करते, पण एकटे ते पुरे पडत नाही.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला 1843 पासून एकाच शेतात गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. शेणखताच्या आणि रासायनिक खताच्या पट्ट्यांचे उत्पादन दीर्घकाळ तोडीस तोड राहिले. शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब मात्र खत न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून वर गेला. हे थंड हवेचे चित्र झाले. आपल्या उन्हात कर्ब भराभर जळतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा घालावा लागतो.

घालायला बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत काही कमी नाही. दुभती जनावरे दारात आहेत, साखर कारखान्यांची मळी आहे, उसाचे पाचट आहे. पण पाचट अजूनही अनेक ठिकाणी पेटवले जाते, आणि ज्या रानातून वैरण गेली त्या रानात शेण परत येईलच असे नाही. बऱ्याचदा ते ट्रॉलीने डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेत जाते. तिथे भाव मिळतो, आणि गोठ्याचा खर्च भागवणाऱ्याला तो नाकारता येत नाही. ज्याच्याकडे जनावरे नाहीत आणि जो मका उभाच मुरघासाला विकतो, त्याच्या रानात तर काहीच परतत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचा आकडा छापलेला असतो. पण तेवढ्यावर न थांबता, मका कणसासाठी केला की मुरघासासाठी, ताटे रानात राहिली की गेली, हे विचारून खताची शिफारस झाली पाहिजे. ताटे जाणार असतील तर पालाशाची मात्रा वेगळी हवी, मुरघासाच्या सौद्यात शेणाच्या ट्रॉलीची अट हवी, आणि पुढच्या पिकाआधी पाण्याची सोय असेल तिथे ताग किंवा धैंचा गाडायला दीड महिना मोकळा ठेवायला हवा.