गर्भपातानंतरचा निर्णय : सबुरी आणि सल्लामसलत

वारंवार गर्भपात झालेल्या घरात ‘दोष कुणाचा?’ असे विचारले जाते व बोट सुनेकडे वळते. कुणाला कन्या, कुणाला पुत्र, कुणाला दोन्ही द्यावे व कुणाला निःसंतान ठेवावे, हे अल्लाहच्याच इच्छेवर आहे (कुरआन, ४२:४९-५०). मग सुनेस दूषण देणारे आपण कोण?

मात्र तवक्कुल म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी औषधोपचार करण्यास सांगितले आहे. गडचिरोलीच्या वनप्रदेशात हिवताप आणि सिकलसेल हे दोन्ही आजार आढळतात व दोहोंमुळे गर्भ दगावू शकतो. सिकलसेल आजार तर माता व पिता दोघांकडून वारशाने येतो. तेथेच हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प उभा आहे. त्याच्या दवाखान्याची वाट जंगलातील रुग्ण पायी तुडवीत आले. तेव्हा पुढील गर्भधारणेपूर्वी पतीपत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी.

पुन्हा प्रयत्न केव्हा करावा? बाळाचे दूध तोडण्यासाठीसुद्धा कुरआनने मातापित्यांची परस्पर संमती व सल्लामसलत आवश्यक मानली आहे (२:२३३). मग जिचे शरीर व मन खचले आहे, तिच्या संमतीवाचून हा निर्णय कसा होईल? ती ‘थोडे थांबू’ म्हणाली, तर थांबणे हीदेखील सबुरीच होय. ह. जकरिया (अ.) यांनी वार्धक्यातही दुआ सोडली नाही, आपणही सोडू नये.

अल्लाह अशा प्रत्येक दांपत्यास धैर्य व आरोग्य देवो. आमीन.