तिसऱ्या माणसाची जागा

माझ्या काकांच्या फियाटच्या तळाला एक भोक आहे. ड्रायव्हरच्या सीटच्या डाव्या हाताला, साधारण हाताच्या पंजाएवढं. त्यातून गिअरचा दांडा वर येतो. कारखान्यातून गाडी आली तेव्हा हे भोक नव्हतं. 1984 साली काकांनी स्वतः छिन्नी-हातोड्यानं पाडलं. गेल्या वर्षी काका गेले आणि आमच्या घरात या भोकावरून वाद सुरू झाला. बुजवायचं की ठेवायचं?

आधी गाडीबद्दल. 1972 ची फियाट 1100, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळालं तीच. 1089 सीसीचं इंजिन, चार गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. दांडा खाली नसल्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी. त्यावर तिघं बसत. काकांची कामशेतला भाताची गिरणी होती. 1980 मध्ये त्यांनी ही गाडी पुण्याच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली.

आता तुम्ही म्हणाल, फियाट ही काय स्पोर्ट्स कार आहे? नाही. पण त्या काळात आपल्याकडे परदेशी गाडी आणणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्यात लोक हीच फियाट कापून, हलकी करून, इंजिनवर काम करून पळवायचे. काकांच्या डोक्यात ते शोलावरम शिरलं होतं. ते तिकडे कधीच गेले नाहीत. पण शर्यतीच्या गाडीचा गिअर खाली असतो एवढं त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी तळ कापला, दांडा खाली आणला, बाक काढून दोन वेगळ्या सीट बसवल्या. भात कांडणाऱ्या माणसाची स्पोर्ट्स कार तयार झाली आणि ती कामशेत ते बेडसे या रस्त्यावर तीसेक वर्षं धावली.

काका गेल्यावर मुंबईचा एक संग्राहक गाडी बघायला आला. 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी कायमच्या बंद झाल्या, तेव्हापासून या गाड्यांकडे बघायची लोकांची नजरच बदललीय. त्यानं चांगली किंमत सांगितली. अट एकच. गाडी 'ओरिजिनल' हवी आणि 'व्हीए' नंबर मिळायला हवा.

हा व्हीए नंबर म्हणजे काय, ते मी वाचून काढलं. 2021 मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. पण गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

फियाटला वेगळी चेसिस नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणजे काकांचं भोक थेट बॉडी शेलमध्ये. गॅरेजवाल्यानं त्यावरही तोडगा दिला. "दोन दिवसांचं काम आहे. पत्रा वेल्ड करू, घासू, वरून अंडरकोटिंग मारू. तपासणीला आलेल्याच्या बापाला कळणार नाही."

दादा लगेच तयार झाला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. मी म्हणालो, नको. आमची जुंपली. मला वाटलं, याला पैसे दिसतायत. त्याला वाटलं, मी शहरात नोकरी करतो, मला काय जातंय तत्त्व सांगायला. दोघांनाही थोडं थोडं खरं वाटत होतं, म्हणून जास्तच लागलं.

रविवारी सकाळी मी लेण्यावर गेलो. बेडसे गावाच्या वर डोंगरात चारशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलं की साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह आहे. कार्ल्यासारखी गर्दी तिथे नसते. दाराशी उंच खांब, त्यांच्या डोक्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेली माणसं. लहानपणापासून बघतोय. पण त्या दिवशी डोक्यात भोक होतं, म्हणून वेगळं दिसलं.

पहिली गोष्ट अशी की हे लेणं स्वतःच नक्कल आहे. त्याआधी चैत्यगृहं लाकडाची बांधत. लाकडी कमानी, लाकडी जाळ्या, लाकडी कठडे. कारागिरांनी तोच आकार बेसॉल्टमध्ये कोरला. दगडाला त्यातल्या निम्म्या गोष्टींची गरजच नाही. छत डोंगराचंच आहे, त्याला वाशांचा आधार काय द्यायचा? तरी आत खरे लाकडी वासे बसवले होते. कार्ल्याला ते अजून आहेत, बेडशाचे गेले. आमच्या भाषेत सांगायचं तर नवी सिस्टीम लिहिली, पण जुन्या सिस्टीमचा इंटरफेस तसाच ठेवला, कारण लोकांना तोच ओळखीचा होता. मग यात मूळ कुठलं? दगड, की दगडाआधीचं लाकूड?

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. या चैत्यगृहात एके काळी रंगवलेली चित्रं होती. 1861 च्या सुमारापर्यंत त्यांच्या खुणा दिसत होत्या. मग कुणी मोठा साहेब बघायला येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेणं स्वच्छ करायला घेतलं आणि रंगसफेदीत ती चित्रं गेली. यात कुणी दुष्ट नव्हतं. त्यांना जागा नीटनेटकी दिसायला हवी होती, इतकंच. पण आज त्या चित्रांबद्दल आपण वादसुद्धा घालू शकत नाही. चांगली होती की सुमार, मूळ लेण्याबरोबरची की नंतर कुणी काढलेली, हे भिंतीकडून कळायचा मार्ग संपला. चित्रं गेली आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही गेले.

ओट्यावर बसून मला मिलिंदपञ्ह आठवलं. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा. तो भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? दांडी म्हणजे रथ? सगळ्याला नाही म्हणावं लागतं. या सगळ्यापासून वेगळा असा रथही दाखवता येत नाही. 'रथ' हे व्यवहारासाठी दिलेलं नाव आहे. ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाची गोष्ट आहे, एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच राहतं का? पण मला आपला रथ जवळचा वाटतो. बेडशापासून थोड्याच अंतरावर कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत, म्हणून असेल.

नागसेनाचं एवढंच ऐकलं तर गॅरेजवाला जिंकतो. 'ओरिजिनल फियाट' अशी वस्तूच नाही, नुसतं नाव आहे, तर पत्रा मारा आणि मोकळे व्हा. पण त्याच ग्रंथात आंब्याचा दाखला आहे. एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि म्हणतो, यानं पुरला तो आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा, मग चोरी कसली? नागसेन आणि मिलिंद दोघंही म्हणतात की तो दोषीच. फळ तेच नाही, पण त्या कोयीपासून या फळापर्यंत एक सलग धागा आहे आणि जबाबदारी त्या धाग्यावरून चालत येते.

मला वाटतं, आमच्या वादाची गाठ इथे होती. आम्ही 'तीच गाडी आहे का' असं विचारत होतो. विचारायला हवं होतं, 'धागा दिसतोय का'.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. गिटमध्ये चूक दुरुस्त करायचे दोन रस्ते असतात. एक रिव्हर्ट. जुना बदल उलटवणारा नवा कमिट टाकायचा. कोड पूर्वीसारखा होतो, पण काय झालं होतं आणि ते का उलटवलं, हे इतिहासात राहतं. दुसरा, इतिहासच खोडायचा आणि फोर्स पुश मारायचा. कोड दोन्हीकडे सारखाच दिसतो. तरीही टीमच्या शेअर्ड ब्रँचवर दुसरा प्रकार केलात तर लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं. कारण त्यांनी त्या इतिहासावर विश्वास ठेवून पुढचं काम केलेलं असतं.

गाड्या बदलणं यात वाईट नाही. कॅलिफोर्नियात सिंगर नावाची कंपनी 1990 च्या आसपासच्या पोर्शे 911 घेऊन त्या जवळजवळ नव्यानं घडवते. काही शौकिनांना ते पाप वाटतं. मला नाही वाटत, कारण ते काय करतात हे उघड आहे. उलट मूळपणाचा हट्टही कधी कधी अंगाशी येतो. आमच्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सीटबेल्ट नव्हते. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर ट्रकच्या मागे अशी गाडी नेऊन 'मी काही बदलणार नाही' म्हणणाऱ्याच्या हौसेची किंमत समोरून येणारा मोजू शकतो. त्यामुळे बदल करावा की नाही याला एकच उत्तर नाही. पण बदल झालाच नव्हता असं कागदावर सही करून सांगणं, हे मात्र खोटं आहे. तपासणाऱ्याला कळलं नाही तरी खोटंच. आणि ते फक्त घेणाऱ्याशी खोटं नाही. काकांनी एक गोष्ट केली होती, ती त्यांनी केलीच नव्हती असं आम्ही म्हणणार होतो.

हे सगळं मी संध्याकाळी घरी येऊन दादाला सांगितलं. भाषणच दिलं म्हणा ना. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला माहितीये का, मी कुठे बसायचो?"

मला माहीत नव्हतं.

"मध्ये. बाबा आणि आईच्या मध्ये. काचेतून सगळा रस्ता दिसायचा. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी गिअर खाली आणला आणि मी मागे गेलो. कुणी मला विचारलं नाही."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "मलापण नव्हतं विचारलं."

मी गप्प बसलो. माझी त्या गाडीतली पहिली आठवण म्हणजे तो खालचा दांडा. काका माझा हात त्यावर ठेवायचे, वरून स्वतःचा हात, आणि म्हणायचे, "टाक तिसरा." माझ्यासाठी तीच मूळ गाडी. दादासाठी मूळ गाडी म्हणजे बाक. मी इतिहासाची बाजू घेतोय असं मला वाटत होतं. खरं तर मी माझ्या लहानपणाची बाजू घेत होतो आणि त्याला इतिहास म्हणत होतो. दादाला पैसेही हवे होते, ते तो नाकारत नाही. पण त्याला ती मधली जागाही परत हवी होती, विकण्याआधी एकदा तरी.

माझ्याच तत्त्वानं बघितलं तर दादाच्या इच्छेला माझा काही आक्षेप असायचं कारण नव्हतं. उघडपणे, नोंद ठेवून काहीही करता येत होतं. तत्त्व फक्त लपवालपवीच्या विरोधात होतं. कुठली गाडी खरी, तुझी की माझी, याबद्दल ते काहीच बोलत नव्हतं.

माळ्यावर गोणपाटात काकांनी 1984 साली काढलेला स्टिअरिंगच्या गिअरचा सगळा सांधा ग्रीस लावून ठेवलेला निघाला. आमच्याकडे काही टाकत नाहीत. म्हणजे परतीचा रस्ता काकांनी स्वतःच ठेवला होता, तळ सोडून. तो कापल्यावर तसाच्या तसा होत नाही.

मग आम्ही सांधा पुन्हा बसवला. बाक नवीन शिवून घेतला. भोकावर पत्रा टाकला, पण वेल्ड न करता चार बोल्टनी आवळला. आरसीच्या फाइलमध्ये एक कागद ठेवला. कुठल्या साली काय बदललं, कुणी बदललं, काय परत बसवलं. मुंबईच्या गृहस्थांना फोन करून खरं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि व्यवहार मोडला. दादाचे बरेच पैसे गेले. तत्त्व माझं आणि नुकसान त्याचं, हे मला अजून टोचतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा माझा वाटा भरला, एवढंच.

व्हीए नंबर नाही म्हणून गाडी शोभेची झाली नाही, हा एक फायदा. परवा आम्ही ती बेडशाच्या पायथ्यापर्यंत काढली. दादा चालवत होता, काकू खिडकीशी, आणि मध्ये मी, गुडघे पोटाशी घेऊन. काचेतून सगळा रस्ता दिसत होता.

खालचा दांडा आता ग्रीस लावून त्याच गोणपाटात ठेवलाय.