कळलावी परतते, पण तीच का?

विदर्भातल्या इंझोरी गावापासून नॉर्वेपर्यंत बागेतला प्रश्न एकच. दरवर्षी परत येणारं झाड तेच असतं का?

नॉर्वेतलं हीथरचं झुडूप बर्फाखालीही खोड राखून असतं. आपली कळलावी मात्र पावसाळा सरला की जमिनीवर काहीच ठेवत नाही. पुढच्या पावसात कोंब फुटतो, पानांची टोकं काटक्यांना वेढे घालतात आणि पिवळसर हिरव्या पाकळ्या हळूहळू लालभडक होतात.

गीता म्हणेल, आत्मा तोच, वस्त्र नवं. पण कंद उकरून पाहावा. जुना सुरकुतून संपलेला असतो, त्याच्याच अंगाला नवा भरलेला. मग टिकलं काय? ‘मिलिंदपञ्हा’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो. पहाटेची ज्योत ना तीच, ना वेगळी. कळलावीपुरतं तरी नागसेनाचंच खरं.

कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं. उकरताना हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा.